बर्फाचा गोळा आणि भिरंडाचे सरबत

फाल्गुन सरू लागला की आमच्या शाळेच्या फाटकासमोर वडाखाली एक हातगाडी येऊन उभी राहते. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, लाकडी चौकटीत बसविलेले पाते आणि लाल, पिवळ्या, हिरव्या व काळसर जांभळ्या रंगांच्या बाटल्यांची ओळ, एवढाच तिचा संसार. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पाचवी-सहावीची मुले तिच्याभोवती अशी तल्लीन होऊन उभी राहतात, की तेवढी तल्लीनता त्यांनी वर्गात दाखविली असती तर प्रगतिपुस्तकांवरची आमची पुष्कळशी लाल शाई वाचली असती. दोन वर्षांपूर्वी ही गाडी तेथून हलवावी, असा प्रस्ताव शिक्षकसभेत आला आणि आम्ही तो मान्य केला. तो निर्णय चुकीचा होता. कसा, ते पुढे येईलच. परंतु त्या निमित्ताने गोळ्याविषयी, बर्फाविषयी आणि आमच्या या दमट मुलखातील उन्हाळ्याविषयी आम्हांस जी चौकशी करावी लागली, ती अध्यापक बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटून येथे मांडीत आहोत.

प्रथम उन्हाळ्याविषयीच सांगावयास हवे. आमचे एक स्नेही इंदुरास असतात. वैशाखात त्यांच्याकडे गेलो असता माठातले पाणी ओठांस लागताच दात शिवशिवले. हेच स्नेही पुढे एका मे महिन्यात गोव्यास आमच्याकडे आले व आमच्या माठातले पाणी पिऊन म्हणाले, "तुमच्या कुंभारास माठ करता येत नाही." कुंभाराचा यात काही अपराध नव्हता. इंदुरास मे महिन्यात पारा ४० अंशांपर्यंत चढतो आणि पणजीस तो बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास राहतो; असे असूनही माठ तिकडचा थंड आणि जीव इकडचा कासावीस, याचे कारण हवेतील बाष्पात आहे. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाळते व वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत ते झपाट्याने वाळते. समुद्रकाठची हवा मात्र आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असल्यामुळे ती आणखी पाणी घ्यावयास नाखूष असते. वाळ्याचे ओले पडदे ग्वाल्हेरीस वा हैदराबादेस खोली गार करतात. आमच्याकडे ते टांगले तर भिंतींना बुरशी तेवढी येईल.

आपले शरीरही एक माठच आहे. एक ग्रॅम घाम त्वचेवर वाळला, म्हणजे तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु यासाठी घाम वाळावा लागतो. नुसता येऊन चालत नाही. दमट उन्हाळ्यात तो येतो, ओघळतो, सदरा भिजवतो आणि शरीर थंड न करताच वाया जातो. शरीर बिचारे आणखी घाम काढते. त्याबरोबर पाणी जाते आणि मीठही जाते. म्हणून कोरड्या उन्हाळ्याचा माणूस सावली शोधतो, तर दमट उन्हाळ्याच्या माणसास त्याहीपेक्षा जी गोष्ट लागते ती म्हणजे गेलेले पाणी व गेलेले मीठ भरून काढणे.

हे ज्ञान आमच्या मुलखातील शेतकऱ्यास कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. तरी त्याची न्याहारी पाहावी. सकाळी दहा-अकराच्या सुमारास शेतातून परतल्यावर उकड्या तांदळाची पातळ पेज आणि सोबत मिठाच्या पाण्यात मुरविलेली तोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. पाणी, पिष्ट आणि मीठ. हगवणीच्या रोग्यास आज आपण जे जलसंजीवनीचे पाणी देतो, त्यातील मुख्य घटकही पाणी, साखर व मीठ हेच आहेत. आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या हात धरून शिरतात व आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात, हे शास्त्रज्ञांना १९६० नंतरच्या दशकात उमगले. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य प्राण वाचविले. पेज पिणाऱ्या कुळवाड्यास यातले काही ठाऊक नव्हते, परंतु त्याचे वाडगे बरोबर होते.

पेजेच्या खालोखाल मान भिरंडाचा. घाटाखाली उत्तरेस ज्याला रातांबा म्हणतात आणि वाळवलेल्या सालीस आमसूल म्हणतात, ते फळ आमच्याकडे भिरंड आणि त्याची साले म्हणजे सोले. पोर्तुगिजांनी या फळास 'ब्रिंदाँव' म्हटले, तो आमच्याच शब्दाचा अपभ्रंश. एप्रिल-मे महिन्यांत झाड लालभडक होते. साली साखरेत थर देऊन बरणीत घालावयाच्या, बरणी उन्हात ठेवावयाची, आणि काही दिवसांत साखर विरघळून जो गडद लाल पाक सुटतो तो वर्षभर पुरवावयाचा. पितेवेळी त्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. ज्यांना गोड नको त्यांनी मीठ घातलेल्या रसाचे आगळ ठेवावे. त्याचीच सोलकढी होते, आणि नारळाचा रस न घालता तिवळ होते. बी सुद्धा वाया जात नाही; तिचे घट्ट तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. मे महिन्यात मडगावच्या पुरुमेताच्या फेस्तास पावसाळ्याच्या बेगमीसाठी जे जिन्नस विकावयास येतात, त्यांत मीठ, मिरच्या आणि सुक्या मासळीशेजारी सोलांच्या राशी असतात. यांपैकी कोणत्याही पदार्थास बर्फाची गरज नाही. कारण उघड आहे. बर्फ येथे नव्हताच.

समुद्रकाठच्या आमच्या पूर्वजांनी निसर्गातील बर्फ पाहिला असेल तर तो वळवाबरोबर पडणाऱ्या गारांच्या रूपानेच, तेही क्वचित. 'गार' हे विशेषण आणि 'गारा' हे नाम यांची आपल्या भाषेतील जवळीक कोणासही दिसेल. उत्तर हिंदुस्थानात मात्र बर्फाचा शौक जुना आहे. अकबराच्या दरबारी पाणी थंड करण्यासाठी सोरा वापरीत आणि लाहोरास डोंगरातून बर्फ आणवीत, याचे वर्णन अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत अलाहाबादेकडे थंडीच्या कोरड्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून, परळांखाली उसाची चिपाडे पसरून, पहाटे बर्फाचे पापुद्रे गोळा करीत. सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली ही पद्धत इंग्लंडच्या रॉयल सोसायटीस कळविली. या सगळ्यास कोरडी हवा लागते. म्हणजे माठाने जो पक्षपात केला, तोच बर्फानेही केला.

किनाऱ्यावर बर्फ आला तो जहाजातून, आणि तोही थेट अमेरिकेहून. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून, भुशात व गवतात गुंडाळून, १८३३ च्या मे महिन्यात 'तस्कनी' नावाच्या जहाजाने कलकत्त्यास पाठविला. १८० टन निघाला. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, सुमारे १०० टन शिल्लक पोहोचला. भुशाच्या अंगी केवढे सामर्थ्य आहे, हे मुलांना सांगावयास याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढे मुंबईस व मद्रासेस बर्फाची कोठारे बांधली गेली. मद्रासचे १८४२ चे 'आइस हाऊस' आजही उभे आहे आणि १८९७ साली विवेकानंद तेथे राहिले म्हणून त्यांच्या नावाने ओळखले जाते. थोरोने आपल्या 'वॉल्डन' ग्रंथात (१८५४) आपल्या तळ्याचे पाणी बर्फाच्या रूपाने गंगेच्या पाण्यात मिसळत असल्याचे कौतुक केले आहे, ते याच व्यापाराचे. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानासकट पाहुण्यांना पडसे झाले, अशी एक आख्यायिकाही सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने बर्फ होऊ लागला आणि हा समुद्रावरचा व्यापार वितळून गेला. श्रीमंतांच्या पेल्यातील बर्फ नाक्यावरच्या गाडीवर आला, तो या यंत्रांमुळे.

आता गोळा. सुताराचा रंधा लाकडावरून फिरतो. गोळेवाल्याचा रंधा उलटा बसलेला असतो आणि त्यावरून बर्फ फिरतो. हल्ली कित्येक ठिकाणी हाताने फिरवावयाचे चक्र आले आहे, पण तत्त्व तेच. जो खाली पडतो त्यास आपल्याकडे 'कीस' म्हणतात, खोबऱ्याच्या किसाप्रमाणेच, आणि हा शब्द आम्हांस फार समर्पक वाटतो. हा कीस ओंजळीत वा पेल्यात दाबून, मध्ये बांबूची काडी खोचून त्याचा गोळा करतात. सुटे कण एकत्र का चिकटतात? बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि दोन तुकडे एकमेकांस टेकले की तो थर गोठून ते जुळतात. मायकेल फॅरडेने १८५० साली हे दाखवून दिले. चांगला गोळेवाला लादी आणल्याबरोबर किसावयास घेत नाही, हेही आम्ही पाहिले. कारखान्यातून नुकतीच निघालेली लादी फार थंड व म्हणून ठिसूळ असते, तिचा चुरा होतो. गोणपाटाखाली थोडी निवांत पडून ओलसर झाली, की कापसासारखा कीस निघतो. अशा किसात पाक मुरतो. चुऱ्यात तो थांबत नाही, तळाशी वाहून जातो आणि मुलाच्या हाती रंगहीन बर्फ राहतो, मग "थोडा रंग घाला ना!" ही आर्जवे सुरू होतात. थंडीने जीभ बधिर होऊन गोडी कमी जाणवते, त्यामुळे पाक सरबताहून पुष्कळ गोड करावा लागतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, तिचा हिशेब पुढे आहे.

हा खेळ आपल्याच देशातला आहे असे मात्र नाही. जपानात हजार वर्षांपूर्वी सेइ शोनागोन हिने आपल्या टिपणवहीत नव्या धातूच्या वाटीतील, वेलीच्या गोड रसाने माखलेल्या बर्फाच्या किसाची गणना मनोहर वस्तूंत केली आहे. तेथूनच उसाच्या मळ्यांत राबावयास गेलेल्या मजुरांबरोबर तो हवाई बेटांत पोहोचला. जेथे हवा दमट आणि ऊस मुबलक, तेथे कीस व पाक यांची गाठ पडतेच असे दिसते.

आमच्या गाडीवरील शब्दांचीच मोजदाद केली तरी भाषेच्या शिक्षकाचा एक तास सहज निघेल. 'बर्फ' फारसी, 'सरबत' अरबी, पिणे या अर्थाच्या धातूपासून आलेला, आणि तोच फिरत फिरत युरोपात जाऊन पोर्तुगिजांचा 'सोर्व्हेत' होऊन पुन्हा आमच्या दाराशी आलेला, 'काळाखट्टा' अर्धा मराठी, अर्धा हिंदी. ग्वाल्हेरकडे यासच 'चुस्की' म्हणतात, ते नाव खाण्याच्या क्रियेवरून. आपले 'गोळा' आणि बडोद्याचे 'गोळो' हे नाव आकारावरून. आमचे मत विचाराल तर चुस्की हा शब्द अधिक प्रामाणिक आहे, कारण गोळ्याचा आकार दोन मिनिटांतच नाहीसा होतो.

आता हिशेब. आम्ही तो नववीच्या वर्गास गणित म्हणून घातला. गोळ्यात १५० ग्रॅम बर्फ धरा. एक ग्रॅम बर्फ वितळावयास ८० कॅलरी लागतात आणि ते पाणी शरीराच्या उष्णतेस यावयास आणखी ३७. एकूण १७,५५० कॅलरी, म्हणजे सुमारे साडेसतरा किलोकॅलरी शरीरातून निघाल्या. इतकीच उष्णता केवळ ३० ग्रॅम घाम वाळला तर निघून जाते. उलट बाजूस पाकात ३० ग्रॅम साखर धरली, तर एका ग्रॅमास चार या हिशेबाने १२० किलोकॅलरी शरीरात आल्या, म्हणजे गेल्या त्याच्या जवळजवळ सातपट. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे माझी आजी म्हणते ते खरं. गोळा उष्ण असतो." वर्ग हसला. आम्ही तिला इतकेच सांगितले, की साखरेची उष्णता एकदम बाहेर पडत नाही, शरीर ती सवडीने वापरते. पण आजीला आमचा नमस्कार सांग.

मग गोळ्याने बरे का वाटते? कारण गारवा अंगाला नव्हे, तोंडाला कळतो. जिभेवर व त्वचेवर थंडी ओळखणारी वेगळी ग्राहके आहेत; उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोंडात गार लागले की तहान भागल्यासारखी वाटते. येथे शिक्षकाने सावध असावे. खो-खो खेळून आलेला मुलगा गोळा चोखतो, त्याची तहान शमते, आणि शरीरास हवे होते त्याच्या निम्मेही पाणी पोटात गेलेले नसते; मीठ तर मुळीच नाही. गोळ्यानंतर पेलाभर पाणी प्यावयास लावावे. एवढे केले तर गोळ्याशी आमचे भांडण नाही. आनंद ही वस्तू कॅलरींत मोजावयाची नसते, आणि मार्च महिन्याच्या दुपारी भूमितीचा तास ऐकून आलेल्या मुलास तो थोडा मिळाला तर काही बिघडत नाही.

भांडण करावयाचेच तर ते स्वच्छतेबाबत करावे. पाणी गोठले म्हणजे त्यातील जंतू मेले, हा समज सुशिक्षितांतही आढळतो व तो खोटा आहे. पुष्कळसे जंतू केवळ निद्रिस्त होतात आणि बर्फ वितळताच जागे होतात. शिवाय सगळा बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. आमच्या किनाऱ्यावर मासळीसाठी लाद्याच्या लाद्या लागतात आणि त्या पिण्याच्या पाण्याच्या असतीलच असे नाही. २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा आदेश काढला, तो हा घोटाळा टाळण्यासाठीच. लादीच्या मध्यभागी जो पांढुरका गाभा दिसतो, त्यास मात्र घाबरू नये. पाणी बाहेरून आत गोठत जाते आणि विरघळलेली हवा व क्षार मध्यभागी ढकलले जातात, त्याची ती खूण आहे. बाटल्यांतील रंगांविषयी इतकेच, की खाद्यपदार्थांत वापरण्यास आपल्या कायद्याने आठच कृत्रिम रंगांस मुभा दिली आहे. आणि काळाखट्टा हा नावाने जांभळाचा असला तरी फाल्गुनात जांभळे कोठून येणार, हा प्रश्न मुलांनी विचारावयास हरकत नाही.

आता त्या निर्णयाकडे वळू. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या अखेरीस एका आठवड्यात आठ-नऊ मुले पोटाने आजारी पडली. शिक्षकसभेत सर्वांची बोटे एकाच दिशेस वळली, आणि खरे सांगावयाचे तर आमचे बोट त्यांत पहिले होते. गाडीवाला बेळगावकडील एका खेड्यातला; पावसाळ्यात शेती, उन्हाळ्यात गोळे. आम्ही त्यास बोलावून दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी उभे न राहण्यास बजावले. त्याने बर्फाच्या कारखान्याची पावती काढून दाखविली. आम्ही ती नीट पाहिलीही नाही. तो गेला. पुढच्या आठवड्यात आणखी चार मुले आजारी पडली, तेव्हा कोठे आम्हांस शाळेच्या पाण्याची टाकी उघडून पाहण्याची बुद्धी झाली. झाकण एका बाजूने तडकलेले होते. पाण्याचा नमुना तपासावयास दिला. अहवाल काय आला असेल हे वाचकांनी ओळखले असेलच. टाकी धुतली, झाकण बदलले, आजार थांबला. गाडीवाल्याचा तो हंगाम मात्र बुडाला होता.

पुढल्या वर्षी तो परत आला, पण फाटकापासून पुष्कळ दूर, रस्त्यापलीकडे उन्हात उभा राहू लागला. आम्ही स्वतः तेथे गेलो व झाले ते सांगितले. दोन सहशिक्षक सोबत होते; मुद्दामच नेले होते, कारण चूक सभेत झाली होती. तो लादीवरचे गोणपाट सारखे करीत ऐकत राहिला. मग म्हणाला, "पोरं आजारी पडली तर आधी मलाच कळतंय, सर. दुसऱ्या दिवशी गाडीकडं येत नाहीत ती." यावर आम्हांस बोलावयास काही उरले नाही.

गाडी पुन्हा वडाखाली आली. काही अटी आम्ही घातल्या, काही त्याने. बर्फाची पावती रोज दाखवावयाची, लादी झाकून ठेवावयाची, वापरलेली काडी पुन्हा वापरावयाची नाही, ह्या आमच्या. हात धुण्यासाठी शाळेच्या नळाचे पाणी मिळावे, ही त्याची. टाकीचे प्रकरण आठवून त्याने ती अट सांगताना किंचित हसून पाहिले, असे आम्हांस वाटले. आमच्या घरच्या भिरंडाच्या पाकाची एक बाटलीही आम्ही त्यास देऊ केली. त्याने ती लाल व पिवळीच्या मध्ये ठेवली. पहिले चार-पाच दिवस तिला कोणी हात लावू दिला नाही. रंग तितकासा भडक नव्हता. मग त्यानेच आपल्या बुद्धीने वरून मीठ-जिरे भुरभुरून एका मुलास तो गोळा चाखावयास दिला. त्यानंतर "अर्धा काळाखट्टा, अर्धा भिरंड" अशी मागणी सुरू झाली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच शिपायाकरवी निरोप आला, की बाटली संपली.

पण गेल्या वर्षीचा पाक घरीही संपत आला होता, आणि नवे भिरंड पिकावयास अजून अवकाश होता. सुट्टीत ते पिकले तेव्हा आम्ही बरण्या मांडल्या. यंदा त्या चार आहेत. दोन घरच्या गच्चीवर आणि दोन शाळेच्या. शाळेच्या बरण्यांवर शिपायाने वानरांसाठी जाळी बांधली आहे, आणि झाकणे घट्ट बसली आहेत की नाही, ते आम्ही रोज स्वतः पाहतो.